‘क्रिमिनल जस्टिस’ शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

बारावीचा निकाल लागला की कोर्टाची बातमीदारी केलेल्या माणसाला अचानक भाव येतो. एरवी लग्नातसुद्धा ज्यांना माझी आठवण होत नाही, ते नातेवाईक फोन करून ‘लॉला घालू की नको’ विचारतात. यंदा साखळीहून बहिणीचा फोन आला. भाचीने कला शाखेतून बरे गुण मिळवलेत आणि आता ती म्हणते, मला क्रिमिनल जस्टिस करायचंय. बहिणीचा प्रश्न एका ओळीचा होता: “तें शिकून मेळटलें कितें?” (ते शिकून मिळणार काय?)

भाचीला विचारलं, तुला काय वाटतं, काय असतं ते? ती म्हणाली, “मामा, वकील आणि पोलिस यांच्या मधलं काहीतरी.” उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या ‘मधलं’ या शब्दात पुष्कळ काही दडलंय. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले आणि घराघरांत हा विषय पोचला. पण कलमांचे आकडे पाठ असणं वेगळं आणि यंत्रणा कशी चालते हे कळणं वेगळं. म्हणून जरा सविस्तर.

दिवाणी, फौजदारी आणि एक माड

शेजाऱ्याने हद्दीवरचा माड आपला म्हणून पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) चढवून नारळ काढले. माड कोणाचा, हद्द कुठे, हा झगडा दिवाणी. तुम्ही दावा लावायचा, तुम्हीच लढायचा, आणि मध्येच मिटवावासा वाटला तर मिटवायचा. पण त्या माडाखाली बाचाबाची होऊन शेजाऱ्याने कोयता उगारला आणि तुमच्या खांद्यावर वार झाला, की मामला फौजदारी झाला. आता भांडण तुमच्या हातात राहिलं नाही. सरकार म्हणतं, हा वार एका माणसावर असला तरी गुन्हा सगळ्या समाजाविरुद्ध आहे, तेव्हा खटला आम्ही चालवणार. म्हणून तर कागदावर ‘राज्य विरुद्ध अमुक’ असं लिहितात आणि खांदा फुटलेला माणूस आपल्याच केसमध्ये साक्षीदार होऊन बाकावर बसतो.

या सगळ्या कारभाराला फौजदारी न्यायव्यवस्था म्हणायचं. पोलिस, सरकारी वकील, बचावाचा वकील, न्यायालय, प्रयोगशाळा, तुरुंग, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा), बालसुधारगृह, सगळे त्यात आले.

(इथे एक नेहमीचा गैरसमज. गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो, असं घाटावरचे लोक म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. तो चालतो लग्न, वारसा, घराण्याची मालमत्ता यांत. गुन्ह्यांसाठी मुक्तीनंतर भारतीय कायदाच लागू झाला आणि आजही बाकी देशाचा तोच आपला.)

एक चोरीची मोटारसायकल, चार प्रश्न

म्हापशाच्या बाजारातून मोटारसायकल चोरीला गेली असं धरा. या एका घटनेकडे चार तऱ्हेचे अभ्यासक चार बाजूंनी बघतात.

कायद्याचा विद्यार्थी विचारील, कलम कोणतं आणि ते सिद्ध करायला काय काय दाखवावं लागेल? गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या भारतीय न्याय संहितेत चोरी ३०३ व्या कलमात आहे. त्यात एक नवी गोष्टही आहे: माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी, म्हणजे गुन्हा का घडतो याचा अभ्यास करणारा, विचारील: याच बाजारातून गाड्या का जातात? शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीशी त्याचा संबंध आहे का? पकडली जाणारी पोरं बहुतेक एकाच वयाची का?

फॉरेन्सिकवाला, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात विज्ञान वापरणारा, गाडीच्या चासीवरचा खरवडून काढलेला नंबर रसायन लावून परत वाचता येईल का ते बघेल. बऱ्याचदा येतो. ठोकून उमटवलेल्या आकड्याखालचा धातूही दाबला गेलेला असतो, वरचा थर घासला तरी तो दाब खाली उरतो आणि आम्ल लावल्यावर आकडा पुन्हा धूसर दिसू लागतो.

आणि क्रिमिनल जस्टिसचा विद्यार्थी? त्याचा प्रश्न असा: तक्रार लिहून घेतल्यापासून निकाल लागेपर्यंत ही केस किती हातांतून गेली, कुठल्या हाताने किती वेळ लावला, आणि हात बदलताना काय सांडलं?

माझ्या मते विषयाचं सगळं मर्म या शेवटच्या चार शब्दांत आहे.

मासळी आणि बर्फ

मालीम जेटीवर ट्रॉलर लागतो तेव्हा बांगडा झकास असतो. तिथून तो टोपलीत, टोपलीतून टेम्पोत, टेम्पोतून बाजारात, तिथून मासळीवालीच्या पाटीत आणि शेवटी आपल्या हुमणात. मध्ये एका ठिकाणी बर्फ कमी पडला, तर घरी आईने कितीही ताजा नारळ वाटला, तिरफळं टाकली, तरी ते हुमण फसलंच. आणि फसलं की सगळे नाव ठेवतात रांधणारीला.

पुराव्याचं अगदी असंच. तो घटनास्थळी ताजा असतो. तिथून पंचनाम्यात, पाकिटात, पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, प्रयोगशाळेत, परत ठाण्यात आणि मग दोन-चार वर्षांनी कोर्टात. प्रत्येक मुक्कामाला ‘बर्फ’ म्हणजे कागद: कोणी घेतलं, केव्हा घेतलं, सील शाबूत होतं का, पुढे कोणाला दिलं. याला पुराव्याच्या ताब्याची साखळी म्हणतात. तो कागद एका जागी नसला तर शेवटी न्यायाधीशापुढे येतं ते शिळं. निकाल लागला की आपण मात्र म्हणतो, कोर्टाने सोडला!

२०१८ साली मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोवाभर गदारोळ झाला तेव्हा लोकांना आणखी एक गोष्ट नकळत शिकायला मिळाली. जागेवर पट्टी लावून केलेली चाचणी म्हणजे नुसता संशय आणि प्रयोगशाळेतली चाचणी म्हणजे मोजमाप, ही दोन वेगळी कामं आहेत. अमली पदार्थांच्या केसमध्येही छाप्याच्या जागी पोलिसांचं किट रंग दाखवतं. तेवढ्यावर कोणाला शिक्षा होत नाही, व्हायलाही नको.

पायलटाची सही

कोर्टातला एक प्रसंग सांगतो. गाव, ठाणं, माणसं नको.

उत्तर गोव्यातल्या किनारपट्टीवरची चरसची केस. साक्षीला आला होता एक पायलट. आपल्याकडचा पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा. छाप्याच्या रात्री तो स्टँडवर एकटाच उभा होता म्हणून त्याला पंच म्हणून नेलं. पंच म्हणजे पोलिसांनी काय जप्त केलं, कसं केलं हे डोळ्यांनी बघून सही करणारा त्रयस्थ माणूस. तेव्हाचा हा तरणाबांड गडी साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले होते.

बचावाच्या वकिलाने पंचनामा पुढे धरला. “सही तुमची?”

“होय.”

“पाकिटाला लाखेची सील किती होती?”

पायलटाने वर पंख्याकडे बघितलं. “सायब, मी ठाण्यात बाकार बसलेलो. च्या दिली. मग सही घेतली.”

सरकारी वकिलाने डोळे मिटले. पुढे वजनाचा प्रश्न आला. पंचनाम्यात १२० ग्रॅम आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ११२. आता, चरस वाळतो. महिना-दोन महिन्यांत थोडी ओल जाऊन वजन घटू शकतं. पण ते कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. माल किती दिवस कुठे पडला होता याची नोंद अर्धवट होती. घटलेलं वजन ओलीचं की कोणाच्या हाताचं, हे कोर्टाने गृहीत कसं धरायचं? आरोपी सुटला.

त्या दिवशी मी बातमीला मथळा दिला होता, ‘पुराव्याअभावी निर्दोष’. आज तो मथळा मला आळशी वाटतो. पुरावा होता. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नासला. कायद्याचं पुस्तक त्या सरकारी वकिलाला पाठ होतं, रसायनशास्त्र प्रयोगशाळेतल्या बाईंना येत होतं, छापा घालणारा फौजदार भित्रा नव्हता. प्रत्येकाला आपलं काम येत होतं, पुढच्या माणसाला काय लागेल हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगणारं कलम १०५ आलं, ते अशाच पायलटांमुळे, असं मला वाटतं. तसंच कलम १७६ सांगतं की ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जायचं. ते लागू करायला राज्यांना ५ वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे इतकी वर्षं जे एकमेकांना फक्त टपालाने भेटत होते, ते पोलिस आणि वैज्ञानिक आता एका खोलीत, एकाच रक्ताच्या डागाभोवती उभे राहणार. त्यांना एकमेकांची भाषा समजायला हवी.

हा विषय आला कुठून?

पदवीचा विषय म्हणून तो अमेरिकेत वाढला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचा पोलिसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याने १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली, पुढे विद्यापीठातही वर्ग सुरू करवले. तोवर पोलिसाला शरीर लागतं, शिक्षण कशाला, असाच समज होता. १९६७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने पोलिस, न्यायालय आणि तुरुंग ही एकच यंत्रणा म्हणून मांडली आणि अटकेपासून शिक्षेपर्यंतचा एक मोठा तक्ता काढला. सुरुवातीला रुंद, पुढे अरुंद होत जाणारा. त्यानंतर सरकारी पैसा आला आणि कॉलेजाकॉलेजांत हे विभाग निघाले.

आपल्याकडे तसं झालं नाही. आपण तुकडे वेगवेगळ्या घरांत ठेवले: कायदा लॉ कॉलेजात, गुन्हेशास्त्र समाजकार्याकडे, फॉरेन्सिक विज्ञान शाखेत, तपास पोलिस प्रशिक्षणात. परदेशी जाहिरातीत वाचलेल्या नावाची पाटी इथे शोधत फिरलात तर चप्पल झिजेल, हाती फार लागणार नाही.

मग शिकायचं कुठे?

गोव्यातल्या गोव्यात दोन दारं आहेत. पहिलं कायद्याचं: मिरामारचं व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालय आणि मडगावचं गोविंद रामनाथ कारे कायदा महाविद्यालय. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, कोणत्याही शाखेतून. दुसरं दार फॉरेन्सिकचं. संसदेने २०२० मध्ये कायदा करून स्थापलेल्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र फोंड्याला कुर्टीत आहे. त्याची प्रवेश परीक्षा असते, आणि फॉरेन्सिक विज्ञानाच्या पदवीला बारावी विज्ञानच लागतं. भाची कला शाखेची, तेव्हा ते दार तिला बंद. हे ऐकून ती थोडी हिरमुसली, पण आता कळलं ते बरं झालं.

घाट चढायची तयारी असेल तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञान यांचा विभागच आहे. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात गोव्यातच बीए करून पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या बाजूला वळणारेही आहेत. मला विचाराल तर गुन्हेगार माणसाशी, त्याच्या घरच्यांशी, पीडित मुलाशी बोलण्याचं काम ज्यांना करायचंय, त्यांना ही लांबची वाट लॉपेक्षा जवळची पडते.

“पण नोकरी?”

बहिणीच्या प्रश्नाला टाळाटाळ नको. ‘क्रिमिनल जस्टिस पदवीधर पाहिजे’ अशी जाहिरात मी गोव्याच्या वर्तमानपत्रात पाहिलेली नाही. पोलिस उपनिरीक्षकाला कोणतीही पदवी चालते. सरकारी जाहिरातीत तुम्हाला भेटेल ते पंधरा वर्षांच्या रहिवासाचं बंधन आणि ‘कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठी असल्यास उत्तम’ ही ओळ. गुन्हेशास्त्राला जादा गुण नाहीत. आयपीएसलाही कोणतीही पदवी.

वकिलीचा रस्ता रुंद आहे पण लांब. सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायला किमान ७ वर्षांची वकिली लागते. कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी ३ वर्षं वकिली केलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घालून दिलं. म्हणजे कॉलेजातून थेट खुर्चीवर, हे विसरा. प्रयोगशाळेला विज्ञानाची पदवी लागते. प्रोबेशन आणि बालकल्याणाच्या जागा थोड्या असतात. बँका आणि कंपन्यांतली फसवणूक शोधणारी खाती, सायबरचं काम, ही मागणी वाढती आहे, पण तिथेही आधी हिशेब किंवा संगणक यायला हवा.

मग शिकायचं कशाला? कारण एक हुन्नर धरावाच लागतो: कायदा, विज्ञान, समाजकार्य, नाहीतर हिशेब. आणि त्या हुन्नराच्या दोन्ही बाजूंची कडी कशी चालते हे ज्याला कळतं, त्याच्या हातून कागद नासत नाही. नोकरी हुन्नराची. ही समज त्याच्यासोबत येते.

“गुन्हेगारांचे हक्क शिकून काय करायचं?”

हा प्रश्न मेहुण्यांचा. बलात्कार, खुनाची बातमी आली की प्रत्येक चहाच्या दुकानात हाच असतो, आणि त्यामागचा राग खोटा नसतो.

अमली पदार्थांच्या कायद्यातलं ५० वं कलम बघा. अंगझडती घेण्याआधी पोलिसाने त्या माणसाला सांगायचं असतं की तुला हवं तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती होईल. वरवर बघता हे आरोपीचे लाड. आता तुमचा मुलगा रात्री हणजुण्याहून मित्राच्या गाडीतून परत येतोय आणि नाक्यावर अडवला गेलाय, असं धरा. त्याच्या खिशात काय होतं आणि काय नंतर आलं, हे सांगणारा तिसरा माणूस तुम्हाला हवा की नको? हक्क गुन्हेगाराचे नसतात, पकडलेल्याचे असतात. पकडलेला आणि गुन्हेगार एकच की नाही, हेच तर खटल्यात ठरायचं असतं. शिवाय नियम मोडून केलेली झडती वरच्या कोर्टात कोसळते आणि खरा विक्रेता मोकळा फिरतो. राग आलेल्या माणसालाही हे परवडत नाही.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे निकाल न लागलेला. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. अपवाद आहेत, जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत. पण हा एक तृतीयांश मोजायचा कोणी? तुरुंगातल्या कारकुनाने. त्याने तारीख चुकीची लिहिली तर कलम कितीही उदार असून उपयोग नाही.

आकडे वाचताना

गोव्यात गुन्हे वाढले, असा मथळा दरवर्षी येतो. गुन्ह्याचं प्रमाण काढतात दर लाख लोकसंख्येमागे. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास. पण किनाऱ्यावर वर्षभरात जे लाखो पर्यटक येतात, ते या भागाकारात नाहीत. ज्याचा मोबाइल कळंगुटला चोरीला गेला तो पुण्याचा, ज्याने चोरला तो तिसऱ्याच राज्याचा, गुन्हा मात्र गोव्याच्या खात्यात आणि भागाकार साखळी-काणकोणच्या माणसांनी. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. पण त्या मथळ्यावरून दोन राज्यांची तुलना करणं म्हणजे जत्रेच्या दिवशीचा कचरा गावकऱ्यांच्या घरांनी भागून गाव घाणेरडा ठरवणं.

दुसरं, नोंद झालेले गुन्हे म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत. महिला ठाण्यात आल्या, हवालदाराने नीट ऐकून घेतलं, तक्रारी वाढल्या, तर आकडा वाढेल आणि तो चांगला. मी स्वतः बारा वर्षं हे आकडे छापले आणि पहिली पाच वर्षं हा फरक मला माहीत नव्हता.

लहान गोव्याचा फायदा

दिल्लीच्या विद्यार्थ्याला जे पुस्तकात वाचावं लागतं ते गोव्याच्या पोराला कदंबा बसने बघता येतं. पोलिस प्रशिक्षण विद्यालय वाळपईला. राज्याची फॉरेन्सिक प्रयोगशाळा वेर्ण्याला. शवविच्छेदन बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. अडचणीतल्या मुलांसाठी मेरशीचं अपना घर. उच्च न्यायालयाचं खंडपीठ पर्वरीला. मध्यवर्ती तुरुंग २०१५ मध्ये आग्वादच्या किल्ल्यातून कोलवाळला गेला आणि जुन्या कोठड्या आता पर्यटक तिकीट काढून बघतात. शिवाय २००३ च्या गोवा बाल कायद्याखाली मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आपलं वेगळं बाल न्यायालय आहे. अख्खी साखळी दीड तासाच्या अंतरात.

यातल्या बहुतेक जागी परवानगी लागते. एका जागी लागत नाही: कोर्टात. अपवाद सोडले तर सुनावणी सगळ्यांसाठी खुली असते. मागच्या बाकावर बसायचं, मोबाइल बंद करायचा, न्यायाधीश आले की उभं राहायचं, एवढंच. भाचीला म्हटलं, फॉर्म भरण्याआधी एक आठवडा जाऊन बस.

ती गेली. पहिल्या दिवशी फोन आला तो तक्रारीचा: तीन तासांत नुसत्या तारखाच पडल्या, कोणी ओरडलं नाही, टेबल आपटलं नाही. तिसऱ्या दिवशी एक साक्ष झाली. चोरीच्या मंगळसूत्राचं पाकीट कोर्टात उघडलं, शिरस्तेदाराने लेबल वाचलं आणि लेबलावरची तारीख पंचनाम्याच्या आदल्या दिवसाची निघाली. कोर्टात कोणी काही बोललं नाही, बचावाच्या वकिलाने फक्त पेनाने रेघ ओढली.

लॉचा फॉर्म तिने भरलाय. काल रात्री दहाला पुन्हा फोन. मला वाटलं, फीबद्दल असेल.

“मामा, मुद्देमाल खोलीची चावी कोणाकडे असते? आणि तो माणूस रजेवर गेला की?”

बहीण मागून ओरडत होती, जेवायला ये म्हणून.